पंधरा दिवसांचा फॉलो-अप

परवा रात्री पावणेबाराला मी एका स्किन स्पेशालिस्टशी बोललो. बर्म्युडा-टीशर्टवर, बाणेरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभं राहून. विषय गंभीर होता : माझे केस. पस्तिशीत बाथरूमची जाळी तुंबायला लागली की माणूस हवालदिल होतो, बॉस. कंपनीच्या मेडिक्लेमबरोबर एक ॲप फुकट मिळालंय, ते उघडलं, बटण दाबलं आणि सहा मिनिटांत डॉक्टर मॅडम स्क्रीनवर. मी मोबाइलच्या टॉर्चनं टाळू दाखवला. त्यांनी झोप, ताण, खाणंपिणं विचारलं आणि प्रिस्क्रिप्शन पाठवून दिलं. बिल? शून्य रुपये. मी खूश होऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. "बाबा उद्या अकोल्याले चालले. पहाटची एसटी हाय. मी बी जातो संगं."

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात. शेगावला दर्शनाला गेला असाल तर तिथून वरवट बकालच्या रस्त्याला लागायचं आणि पुढे आत वळायचं. बाबांना किडनीचा त्रास आहे. अजून डायलिसिसपर्यंत गेलेला नाही, जाऊही द्यायचा नाही, म्हणून अकोल्याच्या किडनीतज्ज्ञांनी सांगितलंय की दर तीन महिन्यांनी दाखवून जा. म्हणजे काय, तर पहाटे पाचला घर सोडायचं, एसटीनं शेगाव, तिथून रेल्वेनं अकोला, मग रिक्षा, मग नंबर. डॉक्टर रिपोर्ट बघतात, बीपी बघतात, पायावर बोट दाबून सूज बघतात, एखादी गोळी कमी-जास्त करतात. मी एकदा सोबत होतो तेव्हा घड्याळ लावलं होतं : बारा मिनिटं. घरी परत यायला संध्याकाळचे सात.

एसटीत बाबांना ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट. आईलाही अर्धं, मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना मिळतं तसं. तिकीट अर्धं झालं हे खरंच चांगलं झालं. पण दिवस पूर्ण जातो, आणि दोघांचा जातो.

आता तुम्ही म्हणाल, सांगतोय काय हा? माझे केस आणि बाबांची किडनी, यांचा संबंध काय? संबंध एवढाच की माझ्या केसांसाठी डॉक्टर रात्री पावणेबाराला स्क्रीनवर येतो आणि त्याचे पैसे विमा भरतो. बाबांच्या किडनीसाठी तसं होत नाही. बाबांकडेही विमा आहे हं! सरकारी, पाच लाखांचा. तरी होत नाही.

शेवटची वेचणी आणि एक गोळी

का होत नाही ते सांगायच्या आधी गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. दिवाळीच्या आसपास सोयाबीन काढायला आलेलं, मागोमाग कपाशीची वेचणी. मजूर मिळत नव्हते. बाबांची अकोल्याची तारीख नेमकी त्याच आठवड्यात. मी पुण्याहून फोन करकरून थकलो.

"काहून एवढी घाई करतं? मले काय झालं? वेचणी झाली की जाईन ना."

वेचणी दोन महिने चालली. मध्ये बाबांचा गुडघा धरला. कुणीतरी दिलेली दुखण्यावरची गोळी त्यांनी आठवडाभर घेतली. अशा बऱ्याच पेनकिलर गोळ्या अधू किडनीला आणखी मारतात, हे डॉक्टरांनी आधी एकदा सांगितलंही होतं. पण तीन महिन्यांपूर्वी ऐकलेलं गुडघा दुखत असताना कुणाला आठवतं? पाय सुजले, लघवी कमी झाली आणि एका रात्री गाडी करून अकोला गाठावं लागलं. नऊ दिवस भरती.

या नऊ दिवसांचा खर्च योजनेनं भरला. एक रुपया लागला नाही. याबद्दल मनापासून आभार, अजिबात टोमणा नाही. पण घरी परतताना गाडीत मी हिशेब करत होतो. वेचणीच्या त्या दोन महिन्यांत कुणी डॉक्टरनं दहा मिनिटं व्हिडिओवर बाबांना बघितलं असतं, 'काका, ती गोळी आधी बंद करा' एवढंच म्हटलं असतं, तर कदाचित हे नऊ दिवस टळले असते. नक्की टळले असते असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण शक्यता तर होती. त्या दहा मिनिटांची फी काही शे रुपये. ती योजनेत बसत नाही. नऊ दिवस बसतात.

थोडं कायद्याचं, चहा संपायच्या आत

घाबरू नका, लवकर आटपतो.

२०१८ पर्यंत आपल्याकडे फोनवर औषध सांगणं हा डॉक्टरांसाठी धोक्याचा मामला होता. त्या वर्षी जुलैत रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं डॉक्टर दाम्पत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. बाळंतपणानंतर पुन्हा भरती झालेल्या रुग्णाला डॉक्टर गैरहजर असताना फोनवरून औषधं दिली गेली होती आणि तिचा मृत्यू झाला होता. त्यानंतर कित्येक डॉक्टरांनी फोनवर सल्ला देणं बंदच केलं. भीती चुकीची नव्हती, कारण काय चालतं आणि काय नाही याचे नियमच नव्हते.

ते आले २५ मार्च २०२० ला. लॉकडाऊनचा पहिला दिवस. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली आणि मे महिन्यात राजपत्रात छापून डॉक्टरांच्या आचारसंहितेचा भाग झाली. वाचायला मजेशीर आहेत, खरंच. व्हिडिओ, फोन, मेसेज तिन्ही चालतात. डॉक्टरनं आपला नोंदणी क्रमांक द्यायचा, नेहमीसारखी फी घेता येते, रेकॉर्ड ठेवायचं. पहिल्यांदाच बघताय तर काही औषधं व्हिडिओशिवाय लिहायची नाहीत. झोपेच्या, नशेच्या वर्गातली औषधं तर लिहायचीच नाहीत. आरोग्यसेविका पेशंटजवळ बसून बोलणं करून देऊ शकते, असंही त्यात स्पष्ट आहे.

आणि त्यात 'फॉलो-अप' या शब्दाची व्याख्या आहे. त्याच डॉक्टरनं प्रत्यक्ष तपासल्यापासून सहा महिन्यांच्या आत, त्याच आजारासाठी पुन्हा घेतलेला सल्ला म्हणजे फॉलो-अप. सहा महिने! हा आकडा लक्षात ठेवा.

जून २०२० मध्ये विमा नियामकानं कंपन्यांना सांगितलं की पॉलिसीत जिथे डॉक्टरचा सल्ला कव्हर होतो, तिथे व्हिडिओवरचा सल्लाही धरा. माझ्यासारख्या कॉर्पोरेट मेडिक्लेमवाल्यांची चंगळ झाली ती तेव्हापासून. पण त्या वाक्यातले 'जिथे कव्हर होतो' हे शब्द पुन्हा वाचा. जिथे ओपीडीच कव्हर नाही, तिथे व्हिडिओनं काय वाढणार? शून्याला कशानंही गुणा.

बाबांचा विमा

महाराष्ट्राची योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. पहिल्या आठात बुलढाणा नव्हता, आम्हाला नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. २०१७ मध्ये ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, पाच लाखांची, आणि दोन्ही एकमेकींना जोडल्या गेल्या. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं राज्याचं संरक्षणही पाच लाख झालं आणि पिवळं, केशरी, पांढरं असा रेशन कार्डाचा भेद जाऊन ते सगळ्यांना लागू करायचं ठरलं. म्हणजे तुम्हालाही. हो, तुम्हालाही!

एवढी मोठी योजना, पण तिचं घड्याळ पेशंट खाटेवर आडवा झाला की सुरू होतं. आयुष्मान भारतच्या नियमात भरतीआधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस मोजले जातात. बाहेरून दाखवून जाणं, म्हणजे साधी ओपीडी, यात नाही.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. डॉक्टरांच्या नियमात फॉलो-अप सहा महिन्यांचा. विम्याच्या नियमात पंधरा दिवसांचा. सोळाव्या दिवसापासून बाबा पुन्हा आपले आपण.

किडनीच्या बाबतीत तर हे फारच विचित्र होतं. डायलिसिस योजनेत बसतं आणि बसायलाच हवं, ते जगण्याचं साधन आहे. पण डायलिसिस लागू नये म्हणून दर तीन महिन्यांनी जी बारा मिनिटं लागतात, ती बसत नाहीत. रोग हाताबाहेर जाईपर्यंत थांबा, मग आम्ही आहोत. असं कुणी ठरवून केलेलं नाही. योजना मोठ्या ऑपरेशनांचा खर्च भागवायला जन्मली, त्या कामात ती चांगली आहे. पण बीपी, शुगर, किडनी हे आजार ऑपरेशन करून संपत नाहीत, वर्षानुवर्षं सोबत राहतात.

आणि हे आमच्या भागात बोलायलाच हवं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलाय. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतून किडनीच्या पेशंटच्या बातम्या कित्येक वर्षं छापून येतायत. आमच्याकडे 'अकोल्याले जाऊन येतो' म्हटलं की समोरचा 'कोणाची किडनी?' असं विचारतो. गंमत म्हणून नाही, सवयीनं.

पण मग ई-संजीवनी?

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. सरकारची फुकट टेलिमेडिसिन सेवा आहेच की! आहे, आणि झकास आहे. २०१९ मध्ये आरोग्य केंद्रांना मोठ्या दवाखान्यांशी जोडण्यासाठी सुरू झाली. घरबसल्या बोलण्याची ओपीडी एप्रिल २०२० मध्ये आली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत दहा कोटी सल्ले झाले होते. आमच्या उपकेंद्रातल्या सीएचओ मॅडम, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, बीपी घेतात, टॅबलेट समोर ठेवतात आणि डॉक्टरला जोडून देतात. ताप, खोकला, अंगावरची खाज, शुगरची गोळी, यासाठी आई हल्ली शेगावला जातच नाही. शिवाय ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचारही मोफत आहेत.

पण या सेवेत त्या वेळी जे डॉक्टर उपलब्ध असतील, ते भेटतात. बाबांची फाइल ज्यांच्याकडे आहे, ज्यांनी नऊ दिवस त्यांना बघितलं, ते योजनेला जोडलेल्या खासगी हॉस्पिटलात बसतात. जुनाट आजारात ओळखीचा डॉक्टर म्हणजे अर्धं औषध. तीन महिन्यांपूर्वी पाय किती सुजला होता हे ज्याला माहीत आहे, त्यालाच आज तो किती उतरला ते कळणार.

म्हणजे एका हाताला डॉक्टरांना परवानगी देणारा नियम आहे. दुसऱ्या हाताला पाच लाखांचा विमा. मध्ये गावातल्या उपकेंद्रात टॅबलेट घेऊन बसलेल्या सीएचओ मॅडमही आहेत. सगळं सामान घरात आहे, फोडणीच द्यायची राहिलीय.

फोडणी म्हणजे एक शासन निर्णय. त्यात एवढंच हवं : जुनाट आजारासाठी भरती झालेल्या पेशंटला, त्याच हॉस्पिटलच्या तज्ज्ञाकडून, उपकेंद्रातून व्हिडिओवर मिळणारा फॉलो-अप सहा महिन्यांपर्यंत पॅकेजचा भाग धरावा. हे काही आकाशातून पडलेलं नाही. महात्मा फुले योजनेत काही ठरावीक शस्त्रक्रियांसाठी वेगळी फॉलो-अप पॅकेजेस आधीपासून आहेत. तत्त्व मान्य आहे, यादी वाढवायचीय.

खोटी बिलं निघतील? निघू शकतात. न झालेल्या व्हिडिओ कॉलचं बिल लावणं हे न केलेल्या ऑपरेशनपेक्षा सोपं आहे, हे खरं. म्हणूनच कॉल उपकेंद्रातून व्हावा, सीएचओनं बीपी आणि वजन नोंदवावं आणि सहा महिन्यांत तीन किंवा चार अशी मर्यादा घालावी. यापेक्षा कठीण हिशेब तर आपली हाउसिंग सोसायटी ठेवते.

अमेरिकेत काय झालं

ही डोकेदुखी फक्त आपलीच नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लोकांचा सरकारी विमा आहे, मेडिकेअर. २०२० च्या आधी त्यात व्हिडिओवरचा सल्ला मिळायचा तो मुख्यतः ग्रामीण भागातल्यांना, आणि तोही बहुतेक वेळा दवाखान्यात जाऊन बसल्यावर. म्हणजे व्हिडिओवर डॉक्टर बघायला घराबाहेर पडा! मार्च २०२० मध्ये कायदा करून ही अट शिथिल केली. आजी-आजोबा घरून बोलायला लागले. पण ही सोय कायमची न करता मुदतीवर दिली आणि पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ देत राहिले. ३० सप्टेंबर २०२५ ला मुदत संपली, सरकारचं कामकाजही बजेटच्या भांडणात ठप्प झालं आणि सहा आठवडे बऱ्याच सेवांचे पैसे मिळणार की नाही हेच कळेना. नोव्हेंबरमध्ये सोय परत आली. आपण घ्यायचा धडा साधा आहे. द्यायचं तर नियमात पक्कं बसवून द्या. म्हाताऱ्या माणसाला दर वेळी कॅलेंडर बघायला लावू नका.

कॅमेऱ्याला सगळं दिसत नाही

आता माझ्या केसांकडे परत येतो. जानेवारी २०२५ आठवतोय? शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. काही दिवसांत टक्कल. देशभरचे कॅमेरे आमच्याकडे आले आणि पुण्यात ऑफिसातले मित्र मला विचारत होते, 'तुझ्याकडचं पाणी पिऊ का?' त्या वेळी व्हिडिओ कॉल कामाला आला नसता. आयसीएमआरच्या पथकाला गावात यावं लागलं, रक्त, पाणी, केस यांचे नमुने न्यावे लागले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी फेब्रुवारीत रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम बेसुमार वाढल्याचं मांडलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. हे शोधायला माणसं जागेवर लागतात.

म्हणून टेलिमेडिसिन आली, आता डॉक्टर कशाला, असं कुणी म्हणालं तर मी पहिला भांडेन. बुलढाण्याला २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. आमचे खासदार प्रतापराव जाधव त्याच वर्षी केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाले. अपेक्षा ठेवायला जागा आहे. डॉक्टर यायला हवेत. पण ते तयार होऊन यायला वर्षं जातील, आणि बाबांची पुढची तारीख तीन महिन्यांवर आहे.

या वीकएंडला

गावी जाणार असाल तर फराळाच्या डब्याबरोबर एवढं करा. आई-बाबांचं आयुष्मान कार्ड काढलंय का बघा. नसेल तर आधार आणि रेशन कार्ड घेऊन काढून टाका. सत्तरीच्या पुढचे असतील तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता केंद्राची योजना लागू आहे. महात्मा फुले योजनेची हेल्पलाइन १५५३८८ त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा. मन जड झालं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ नंबर आहे, तोही करा. सगळे रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शनं यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारा, 'पुढची भेट व्हिडिओवर चालेल का?' नियमात चालतं. विचारत नाही म्हणून होत नाही.

मी विचारलं. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "एकाआड एक चालेल. रक्ताचा रिपोर्ट आधी पाठवा, आणि बीपी घेणारं कुणीतरी जवळ असू द्या." फी मी बाणेरहून यूपीआयनं भरली. उपकेंद्रात सीएचओ मॅडमनी बाबांचं बीपी घेतलं, वजन केलं, पायावर बोट दाबून कॅमेरा खाली धरला. दहा मिनिटांत काम झालं. बाबा साडेनऊला शेतात.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मला वाटलं खूश असतील.

"झकास झालं गड्या. पण आपले भाऊराव होते ना बाजूले बसलेले. त्यायची बी किडनी तशीच. ते पुसत होते, हे कार्डावर होते का म्हनून."

मी म्हटलं, "नाही बाबा, कार्डावर नाही होत. मी पैसे भरले."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"मंग त्यायनं काय कराव? त्यायचा पोरगा तं पुण्याले नाही."